कुसुमबाईची कॅसेट

श्यामलाल मास्टर गिटारच्या तारा जुळवत होते आणि उदाराम चपला काढून चक्क खुर्चीवर मांडी घालून बसला होता. पाय खाली घ्या, असं संघदीपने बापाला दोनदा खुणावलं. म्हाताऱ्याने लक्षच दिलं नाही. गोंदियाच्या त्या छोट्या सभागृहात रविवारच्या दुपारी जेमतेम पन्नास माणसं जमली होती. दोघं बसले होते ती दुसरी रांग मंचाच्या इतकी जवळ होती की मास्टरांच्या बोटांवरचे घट्टे दिसत होते.

मास्टर मूळचे इथल्याच रेल्वे चाळीतले. तरुणपणी कलकत्त्याला गेले आणि तिथल्या हॉटेलांत जॅझ वाजवून त्यांनी नाव काढलं. संघदीप कॉलेजात असल्यापासून त्यांच्या गिटारचा वेडा. पण आज तो गिटार ऐकायला कमी आणि बापापुढे कबुली द्यायला जास्त आला होता. त्यासाठीच बापाला सौंदड गावाहून बळेच गाडीत बसवून आणलं होतं. दहा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट आज सांगून टाकायचीच, असं त्याने ठरवलं होतं.

गोष्ट कॅसेटची होती. संघदीपची आई, कुसुमबाई, पावसाळ्यात, वर्षावासात विहारात बाबासाहेबांची गाणी म्हणायची. तिच्या गाण्यासाठी बाया शेतातलं निंदण लवकर आटपून यायच्या. उदारामने एका दुपारी घरच्या टू-इन-वनवर ती गाणी भरून घेतली. कुणी चुकून पुसू नये म्हणून कॅसेटच्या पाठीवरचे प्लास्टिकचे दोन्ही तुकडे त्याने स्वतः मोडून टाकले.

महिन्याभरातच रेडिओवर श्यामलाल मास्टरांचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागला. घरात तेवढी एकच कॅसेट. एका बाजूला भंतेजींचं प्रवचन, दुसऱ्या बाजूला कुसुमबाई. प्रवचन पुसायची संघदीपची हिंमत झाली नाही. आई काय, घरचीच. ती तर तिथेच बसून तांदूळ निवडत होती. तिची गाणी उद्या पुन्हा भरता आली असती. त्याने मोडलेल्या जागी कागदाचा बोळा कोंबला आणि बटण दाबलं.

उद्या उद्या करता दिवाळी गेली आणि उन्हाळ्यात कुसुमबाई काविळीने गेली.

पुण्यानुमोदनाला जमलेल्या बायांनी धरणंच धरलं, कुसुमबाईची कॅसेट लावा. संघदीप म्हणाला, "मशीननं खाल्ली." उदारामने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि "बरं" म्हणाला. पुढे कधीच त्याने विषय काढला नाही. त्यापेक्षा बापाने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं संघदीपला अनेकदा वाटलं.

कॅसेट त्याने पेटीत जुन्या पुस्तकांखाली दडवली. फेकणार कशी? रेडिओचा कार्यक्रम जरा आखूड निघाला होता. मास्टरांची शेवटची धून संपली की टेपमध्ये खट्ट असा आवाज यायचा आणि पुसायची राहून गेलेली आई उदारामला विचारायची, "भरलं का जी? मंग बंद करा ना आता, भात थंडा होऊन राहिला." बस, एवढंच. टू-इन-वनचं टेप पुढे पळवायचं बटण तुटलेलं होतं. त्यामुळे तेवढं ऐकायला आधी अख्खी गिटार ऐकावी लागायची. नोकरीसाठी गोंदियाला आल्यावरही संघदीप गावी गेला की बाप धानाच्या बांधीत जायची वाट बघायचा, मग पेटी उघडायचा. इतक्या वर्षांत टू-इन-वनचे सेल कधी उतरलेले सापडले नाहीत. बाप बातम्या ऐकायला ते बदलत असेल, असं तो समजायचा.

मंचावर चार-पाच धुना झाल्या. मास्टरांनी रुमालाने कपाळ पुसलं.

"ये धुन रेडिओ पे बहुत बजाई," ते हसले. "अपने घर आया हूँ, तो आखिर में यही."

पहिलाच सूर संघदीपने ओळखला. कॅसेटवरची शेवटची, तीच धून. शेजारी उदारामने मांडी मोडली, पाय खाली घेतले आणि ताठ बसला. त्याचं बोट गुडघ्यावर ठेका धरू लागलं. जिच्यापायी आईची गाणी गेली ती धून बापाला आवडत होती आणि हे बघणं संघदीपला सोसेना. तो बापाच्या कानाशी झुकला.

"बाबा, मायची कॅसेट मशीननं नाही खाल्ली. मीच पुसलो. ह्याच बाजासाठी पुसलो."

उदारामने मान वळवली नाही. "चूप राय. आयकून राहिलो ना मी."

त्याने ऐकलं की नाही, हेही संघदीपला कळेना. मास्टर धुनेच्या मध्यावर येऊन एकाएकी थांबले. त्यांच्या क्षणभर आधीच उदारामचं बोट गुडघ्यावर थांबलं होतं. मग गिटार पुन्हा सुरू झाली, तसं बोटही. संघदीप त्या बोटाकडे बघत राहिला.

मास्टरांनी शेवटची तार छेडली आणि तिच्यावर तळवा ठेवला. सभागृहात टाळ्या पडल्या. संघदीपनेही टाळीसाठी हात उचलले. उदारामने त्याचे दोन्ही हात घट्ट धरून खाली दाबले आणि मान तिरकी करून कान पुढे केला.

"थांब ना रे, गलबला नोको करू," तो म्हणाला. "आता तुही माय बोलते."