शून्य कुठे धरायचं?

‘काल केलेला प्रवास घ्या आणि घरापासूनच्या अंतराचा आलेख काढा,’ विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या. काल मी दप्तर पाठीला लावून आईच्या घरून बाबांच्या घरी चालत गेले होते. आईचं घर शून्य धरलं, तर रेघ वर चढली. बाबांचं धरलं, तर तीच खाली उतरली. रस्ता एक, चालणारी एक, तरी एकीकडे मी घर सोडत होते, दुसरीकडे घरी पोचत होते. डोक्याचा पार भुगा झाला. ‘अगं, शून्य कुठेही धर, चालतं,’ मॅडम म्हणाल्या. वैतागून मी ते दप्तरावर धरलं. दप्तर पाठीवरच होतं, त्यामुळे माझी रेघ तळाशी सपाट आली आणि वर दोन्ही घरांच्या रेघा काढल्या, तर आईचं घर लांब गेलं, बाबांचं जवळ आलं. मॅडम हसल्या, ‘घरं कधी हलतात का गं?’ ‘मी तर जागची हललेच नाही, मॅडम.’