दोन रेडिओंची शिट्टी

मंठा गावातल्या एका लग्नात देवानंदनं ती रेकॉर्ड लावली ती अठ्ठ्याहत्तरवर, म्हणजे मुद्दामच चुकीच्या वेगावर. लिंबावर बांधलेल्या भोंग्यातून अशी केकाटी सुटली की पंगतीतल्या लोकांनी हातातला घास हातातच धरून वर पाहिलं.

रेकॉर्ड नवीकोरी होती. याच उन्हाळ्यात मुंबईच्या एका लहानशा कंपनीनं काढलेली. तिच्यात गाणं नाही, पेटी नाही, ढोलकी नाही. नुसती रेडिओच्या पोटातली शिट्टी. दोन रेडिओ शेजारी ठेवून एकाचा काटा हळूहळू फिरवला की दुसरा शिट्टी घालतो, हे जालन्यातल्या दुरुस्तीच्या दुकानात देवानंद आणि धर्मराज या दोन दोस्तांना कळलं होतं. एकट्या रेडिओचं हे कामच नव्हे. त्या शिट्टीतून दोघांनी चाल बसवली, टेपवर घेतली आणि अख्ख्या गल्लीच्या शिव्या खाल्ल्या. मग बहात्तरचा दुष्काळ आला, दुकान बसलं, आणि धर्मराज आपला रेडिओ काखेत मारून जो गेला तो गेलाच. ना पत्ता, ना निरोप. रेकॉर्डवर मात्र देवानंदनं दोघांचीही नावं छापून घेतली होती.

आता त्याला एकच आशा होती. ही चाल पळवलेली धर्मराजला बिलकुल खपत नसे. भरल्या ताटावरून उठून येई आणि वेग बराबर करून मगच दुसरा घास घेई. म्हणून देवानंद लगनसराईभर गावोगाव भोंगा बांधत हिंडत होता, रेकॉर्ड चुकीची लावत होता आणि पिंपळगाव रेणुकाईपासून इथपर्यंत लोकांची बोलणी खात होता. कुठंतरी कुणीतरी उठून येईल आणि वेगाचा खटका मागं ओढील. अजून कुणी आलं नव्हतं.

आला तो नवरदेवाचा मामा, कारभारी. मशीन बिघडलंय का तुझं डोकं, असं विचारून, जल्दी भीमगीतं लाव म्हणून दम देऊन गेला. देवानंदनं मान डोलावली आणि रेकॉर्ड तशीच राहू दिली.

तेवढ्यात एक बाई मशीनपाशी येऊन उभी राहिली. लग्नातली वाटत नव्हती. लुगड्याला भुसा चिकटलेला.

“भाऊ, हे लई पळून राह्यलंय.”

तुम्हाला कसं कळलं, असं देवानंदनं विचारलं.

“आमच्या घरी रोज सावकाश वाजतं की.”

“रेकॉर्ड हाये तुमच्याकडं?”

“न्हाई. आमचे मालक तोंडानं वाजवतात. लेकरं झोपतच न्हाईत त्याबिगर.”

ती धर्मराजची बायको होती, सत्यशीला. धर्मराज समोरच्या धान्याच्या मोंढ्यात हमाली करत होता. भोंगा वाजला तसं त्यानं पाठीवरचं पोतं खाली टाकलं, रस्त्यापर्यंत आला आणि तिथूनच मागं फिरला, असं तिनं सांगितलं. देवानंद धडपडत उठला, तर तिनं हातानंच अडवलं.

“तुम्ही नका जाऊ, ते तोंड लपवतील. तुमचा तो जोडीचा रेडिओ त्यांनी इकलाय. दुष्काळात, ज्वारीसाठी. तव्हापासून तुमचं नाव निघालं की उठून बाहेर जातात.”

देवानंद पुन्हा मशीनपाशी बसला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, आपलंच काहीतरी चुकलं असेल. रेडिओचं काय घेऊन बसलास रे येड्या, असं त्याच्या ओठावर आलं. पण ते बोलायचं होतं धर्मराजला, हिला नाही. त्याला दोस्ताची इतकी आठवण आली की डोळ्यांपुढचा मांडव पुसट झाला.

त्यानं खटका पंचेचाळीसवर ओढला. सुई पहिल्यापासून ठेवली. मग लिंबावर चढला आणि भोंग्याचं तोंड मांडवाकडून मोंढ्याकडं फिरवलं.

शिट्टी आता तिच्या चालीनं निघाली. सावकाश, मध्येच थांबत, पुन्हा वर चढत रस्त्यापलीकडं गेली. सत्यशीला पदर ओठांना लावून ऐकत राहिली. पंगत परत जेवायला लागली.

रेकॉर्ड संपली. देवानंदनं ती उचलून पाकिटात घातली आणि पाकीट मांडीवर घेऊन बसून राहिला. मोंढ्याच्या बाजूला बघत.

थोड्या वेळानं कारभारी पुन्हा आला. म्हणाला, “झालं की आता, किती येळ ती शिट्टी? बंद कर.”

देवानंद जागचा हलला नाही.

“कव्हाच बंद केली, मामा.”