पाणगवताचं कपाट

नमुन्याच्या चिठ्ठीवरचं नाव बरोबर होतं, पण कागद खरवडलेला दिसत होता. तिने तो खिडकीपाशी नेऊन तिरका धरला. नाव खोडरबराने खोडून त्याच जागी पुन्हा पेन्सिलीने लिहिलं होतं. अक्षर अप्पांसारखं वळवलेलं, पण अप्पांचं नाही.

अप्पा म्हणजे तिचे वडील. तळी पालथी घालून त्यांनीच हे पाणगवत जमवलं, वाळवून कागदांवर चिकटवलं. या वनस्पतिसंग्रहाचे संग्रहपाल तेच होते; ते निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी त्या खुर्चीत ती बसली.

या कपाटातल्या दोन जाती अशा सारख्या, की भल्याभल्यांची भंबेरी उडावी. दोन्हींची पानं दोऱ्यासारखी. फरक एवढाच, की कोवळ्या पानाच्या बुडाशी असलेला पापुद्रा एकीत जुळून नळी होतो, दुसरीत नुसता गुंडाळलेला राहतो. तिने एक तुकडा कोमट पाण्यात भिजवला, आडवा कापला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. अखंड वर्तुळ. नळीच. मग बरोबर नाव खोडून पुन्हा तेच कशाला लिहायचं?

संध्याकाळपर्यंत असे अकरा कागद सापडले.

कपाटाची दुसरी किल्ली मदतनीस बाईंकडे असायची. बाई तिच्याहून नऊ वर्षांनी जुन्या. संग्रहपालाच्या जागेसाठी त्यांनीही अर्ज केला होता. डावललं गेल्यावर त्या चकार शब्द बोलल्या नव्हत्या. ते न बोलणं तिला आता खुपायला लागलं. आणि जेवायच्या सुट्टीत त्या रोज एकट्याच मागे का थांबायच्या?

घरी तिने अप्पांना सगळं सांगितलं.

"कुठल्या चिठ्ठ्या? नळीवाल्या, की उघड्या?"

"नळीवाल्या."

अप्पा बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "बाईंना त्रास देऊ नकोस. मनाने चांगल्या आहेत त्या."

"तुम्हाला सगळेच चांगले वाटतात. अहो, तुमच्या अक्षरावर हात बसवतायत त्या. आज बरोबर लिहून सराव करतील, उद्या चुकीचं लिहून खापर माझ्यावर फोडतील. पुढच्या महिन्यात तपासणी आहे."

"हं." मग थोड्या वेळाने, "कुठल्या म्हणालीस? नळीवाल्या?"

तिला हसू आलं. लहानपणीही ते असेच एकच प्रश्न दोनदा विचारून तिची परीक्षा घ्यायचे.

तीन दिवसांनी तिला हवं ते सापडलं. नळीवाल्या नमुन्यावर उघड्या जातीचं नाव. चूक धडधडीत होती, आणि अक्षर या वेळी हुबेहूब अप्पांचं. सराव संपला होता तर!

तिने कागद बाईंसमोर ठेवला. "हे काय?"

बाईंचा चेहरा पडला. "हा राहिला होय," त्या पुटपुटल्या.

"म्हणजे बाकीचे तुम्हीच खोडले?"

"बाकीचे मीच लिहिलेत. हा नाही."

"मग हा कोणी लिहिला?"

"ते मला विचारू नका, मॅडम."

"संचालकांनी विचारलं तर?"

"त्यांनाही नाही सांगणार. शब्द दिलाय मी."

"कोणाला?"

बाईंनी गळ्यातली किल्ली काढून टेबलावर ठेवली, डबा पिशवीत घातला. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "अप्पांकडे लक्ष द्या." तिला त्यात धमकीच ऐकू आली. तासाभरात तक्रार संचालकांच्या टेबलावर होती, आणि चौकशी होईपर्यंत बाईंना घरी बसायचा हुकूम निघाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाहेर गेली नाही. बाईंचा साथीदार असणारच, आणि उरलेलं काम उरकायला तो येणारच. ती बाईंच्या खुर्चीत दबा धरून बसली.

सव्वा वाजता मागच्या दाराचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. सावकाश पावलं. कपाटात किल्ली फिरली. कागद सळसळले, मग खोडरबर घासल्याचा आवाज.

ती उठून समोर गेली. अप्पा कपाटाशी उभे होते, हातात पेन्सिल, कपाटाला त्यांची जुनी किल्ली लटकलेली. नळीवाल्या नमुन्यावर ते उघड्या जातीचं नाव लिहीत होते.



अप्पांनी मान वर केली. तिच्याकडे नीट पाहिलं, आणि ओळखीचं हसले.

"हल्ली मला दोन्ही सारख्याच दिसतात हो, बाई. चुकलं असेल तर नेहमीसारखं मागून नीट करा. फक्त माझ्या मुलीला कळू देऊ नका."