पोरीची राखण

तनुजा कोपऱ्यावर थांबली, तसा कडूबाही विजेच्या खांबाआड थांबला. तोंडाला दस्ती, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा. एप्रिलच्या उन्हात अर्धा उस्मानपुरा असाच तोंड बांधून फिरतो, त्यामुळे आपल्याकडे कुणी बघणार नाही याची त्याला खात्री होती. अकरा वर्षांची पोर रस्ता ओलांडून पुढे निघाली. वीस पावलांवरून तिचा बापही निघाला.

आज चौथा दिवस. तनुजा सोमवारपासून गणिताच्या क्लासला एकटी जात होती आणि कडूबा सोमवारपासून चोरासारखा तिच्या मागे होता. घरी कुणालाच याचा पत्ता नव्हता.

एकटं पाठवायचं त्याच्या बायकोनं, निशानं ठरवलं होतं. "देवावर सोपवायला शिका जरा," ती म्हणाली होती. कडूबा देव मानत नव्हता असं नाही. नवरात्रात तो कर्णपुऱ्याच्या देवीच्या जत्रेला अनवाणी जायचा. पण त्याच जत्रेत, ऐन देवळासमोर, तीन वर्षांची तनुजा त्याच्या हातातून सुटली होती. अर्ध्या तासानं सापडली, पण तो अर्धा तास त्याच्या छातीतून कधी गेलाच नाही. तेव्हापासून तो देवीला नारळ वाहायचा, पोर मात्र तिच्या भरवशावर सोडायचा नाही.

आणि भरवसा ठेवावा असं या रस्त्यावर होतं तरी कोण? पंक्चरवाला जब्बारभाई तनुजा दिसली की हातातलं काम टाकून उठायचा आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायचा. भाजीवाल्या मनकर्णाबाई तिला रोज थांबवून कानात काहीतरी विचारायच्या, वर हातावर काकडी ठेवायच्या. फुकट! ज्या शहरात नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येतं, तिथं फुकट काकडी कोण कुणाला देतं? तिसरा तो रिक्षावाला. कालपासून रिकामी रिक्षा घेऊन तिच्या मागे रेंगाळत होता. बायाबापड्या हात करत होत्या, तरी थांबत नव्हता. कडूबानं रिक्षाचा नंबर मोबाईलमध्ये टिपून ठेवला होता.

आज मनकर्णाबाईंनी काकडी दिली नाही. नुसतंच कानात काहीतरी सांगितलं. तनुजाचा चेहरा उतरला. ती भराभरा चालू लागली आणि क्लासच्या सुनसान गल्लीत वळली. पाठोपाठ रिक्षाही वळली.

कडूबा जिवाच्या आकांतानं धावला. गल्लीत शिरतो तर रिक्षा आडवी उभी, रिक्षावाला खाली उतरलेला आणि तनुजा त्याच्यामागे. आता सगळं संपलं, असं त्याला वाटलं. तेवढ्यात मागून कुणीतरी त्याची कॉलर धरली.

"चार दिन से देखरा मैं तेरे कू," जब्बारभाई दात-ओठ खात म्हणाला. "बच्ची के पीछे कायकू पड्या?"

"मी बाप हाय तिचा!"

"समदे असंच म्हणत्यात," किलोचं माप हातात घेऊन धापा टाकत आलेल्या मनकर्णाबाई म्हणाल्या. "तोंड सोड आधी!"

कडूबानं दस्ती ओढून काढली. रिक्षावाल्याच्या आडून एक डोकं बाहेर आलं.

"पप्पा?"

"ठीक से देख बेटा. पक्का?" जब्बारभाईनं विचारलं. तिनं मान डोलावली, तेव्हा कुठं त्यानं कॉलर सोडली.

कडूबा तिथंच एका पायरीवर बसला. मनकर्णाबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरूच होता. "पैल्याच दिशी बगितलं तुला पोरीमागं. रोज इचारते तिला, घरचं कोण सोबत हाय का? ती म्हनते, नाय, मी एकलीच. मग ह्या रिक्षावाल्याला लावला मागं. आज म्हनलं, तू नीट क्लासात जा, ह्याला आमी बगतो. बाप हायेस तर तोंड बांधून कशाला हिंडतो रं?"

कडूबाला शरमेनं मान वर करवेना. या तिघांशी तो आजवर एक शब्दही बोलला नव्हता. त्याची पोर त्यांच्या कुणाच्या नात्याची ना गोत्याची. मग यांना कुणी नेमलं होतं? त्याला रडूच कोसळलं, आणि रडता रडता छाती हलकी होत गेली.

संध्याकाळी निशानं सगळं तनुजाच्या तोंडून ऐकलं. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मग? उद्या परत जानार का मागं?"

"नाय," कडूबा म्हणाला. "देवाची मानसं माझ्यापेक्षा लई संशयी हायेत."