दहापैकी दहा

संचिता फिजिशियन असिस्टंटच्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि उद्या तिचं प्रॅक्टिकल होतं. सरावासाठी आंबिवलीच्या आपल्या एका खोलीच्या घरात तिने बाबांना कॉटवर निजवलं. त्यांची पावलं भाताच्या चिखलात वाढलेली, भेगाळलेली, आणि अंगात बारा वर्षांची साखर.

"डोळे मिटा बाबा. हा नायलॉनचा दोरा तळव्याला टेकला की नुसतं 'हो' म्हणायचं."

साखर जुनी झाली की तळव्यातली जाण कधीतरी न सांगता निघून जाते, आणि मग न दुखणारी जखमच अख्खा पाय घेऊन जाते, हे मॅडमनी वर्गात दोनदा बजावलं होतं.

अंगठ्याला टेकवला. "हो." टाचेला टेकवला. "हो." करंगळीखालीही, थोडं थांबून, "हो."

"अहो, परीक्षा तिची आहे की तुमची?" आई ओट्याजवळून हसली.

"माझ्यापायी पोरीचा एक मार्क जायला नको," बाबा डोळे न उघडताच म्हणाले.

उजव्या पायाच्या दहाही जागा झाल्या. संचिताने वहीत दहापैकी दहा लिहिलं, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

"आता डावा हं, बाबा," ती म्हणाली, आणि तेवढ्यात दोरा बोटांतून निसटून कॉटखाली गेला. ती वाकून तो चाचपू लागली.




वरून बाबांचा आवाज आला, "हो."