एकट्याची तक्रार

गुरुजींचा एक गाल झाला, आणि सलूनवाल्याने मनाशी म्हटलं, आता बोललो नाही तर जन्मात बोलणार नाही.

"गुरुजी, मी फसलो," तो म्हणाला. "त्या प्लॉटवाल्या साहेबाने मला बुडवलं."

या दुकानात त्याने आजवर जगाची गाऱ्हाणी ऐकली, स्वतःचं एकही सांगितलं नव्हतं. पण काल वकीलबाईंनी आडपडदा न ठेवता समजावलं होतं. एकटेच गेलात तर पोलीस म्हणतील, हा देण्याघेण्याचा वाद, दिवाणी कोर्टात जा. तिथे वर्षं निघून जातील. आणखी दोघं मिळाले, की एकच जमीन दाखवून सगळ्यांना गंडवल्याचं उघड होईल. मग गुन्हा नोंदवून घ्यावाच लागेल, साहेबाचं बँकेतलं खातं गोठवायची मागणी करता येईल. मात्र हे सगळं खातं रिकामं व्हायच्या आत.

प्लॉटसाठी दिलेले पैसे म्हणजे मुलीच्या नर्सिंगची फी. पोरगी बॅग भरून बसली होती, आणि ती बॅग रिकामी कर म्हणायचं कोणत्या तोंडाने, या एका विचाराने बापाला घास गिळवत नव्हता.

गुरुजी आरशात बघत राहिले. बोलले ते बाकावरचे अण्णा. अण्णांच्या डोक्यावर औषधालाही केस नाही, दाढी ते घरीच करतात, तरी महिनाभर रोज दुकानात हजर. फुकटचा पेपर वाचायला येतात म्हणून जो तो त्यांची टर उडवायचा.

"तो साहेब तुझ्याकडेच दाढीला यायचा ना?" अण्णांनी पेपर बाजूला ठेवला. "आज ना उद्या येईल, म्हणून बसतो रे मी इथे."

सलूनवाल्याचा हात थबकला. महिनाभर हा माणूस त्याच्या पाठीमागे बसून होता, आणि दोघंही एकमेकांपासून एकच दुखणं लपवत होते. त्याला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. अण्णा तोवर चपला शोधायला लागले होते. "पण वकीलबाई म्हणाल्यात, आणखी दोघं हवेत, तेही लवकर," सलूनवाला म्हणाला. "एक अजून कमीच."

गुरुजींनी गळ्याभोवतीचं कापड सोडलं. घरी बायकोलाही पत्ता लागू दिला नाही म्हणाले. उभा जन्म पोरांना गणित शिकवलं आणि आपलाच हिशेब चुकला, हे सांगायला जीभ रेटत नव्हती.

"मला धरून तीन झालो," ते म्हणाले. "चल."

"गुरुजी, एक गाल राहिलाय."

"राहू दे." फेस पुसत गुरुजी पायरी उतरलेसुद्धा. "वकीलबाईंना कळू दे, किती घाई आहे ते."