ओढून घेतलेलं दार

चिवड्याच्या कढईनं पेट घेतला, तेव्हा दिगंबर सर्वांआधी बाहेर पळाला आणि भीतीच्या भरात त्यानं मागचं दार ओढून घेतलं; बाहेरचा खटका बसला. धुरात वहिनी आत अडकली आणि भाजली.

"भाजलेल्याला सलाईन कमी पडलं तर मूत्रपिंडं जातील, जास्त झालं तर फुप्फुसांत पाणी भरेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "धुरानं फुप्फुसं आधीच सुजलीत." दिगंबर दवाखान्यातल्या काचेबाहेरून वहिनीच्या सलाईनचे थेंब बघत राहिला.

आठवड्यानं वहिनीच्या घशातली नळी निघाली. आईनं विचारलं, "सूनबाई, दार कसं गं लागलं?"

वहिनीनं दिराकडे पाहिलं. "वाऱ्यानं," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

आई मेल्या वाऱ्याला शिव्या घालू लागली. दिगंबरला ते ऐकवेना.

"वारा नव्हता, आई," तो खालमानेनं म्हणाला. "मी होतो."